पेजवाला सोपान कंडक्टर

सोपान कंडक्टर पहिल्यांदा आमच्या वाडीत आला तेव्हा मी त्याला हाकलून दिला होता. कुत्रं अंगावर सोडलं नाही एवढंच.

"आण्णा, तुमच्या बोकडांचे फोटो काढतो, पेजवर टाकतो. पुण्याचं गिऱ्हाईक हितं दारात यील," तो म्हणाला.

"बोकड हाय माझं. नवरी न्हाई फोटो दावायला. ऊठ, चालता हो."

तो उठला नाही. दारातल्या दगडावर बसला, खांद्याची कातडी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाला, "हाकलायचंय त्येला आधी पाणी पाजावं, मग हाकलावं. रीत हाय."

आमच्या हिनं तांब्या आणून दिला. वर गुळाचा खडा दिला. तो पाणी प्यायला, तांब्या जाग्यावर ठेवला आणि खरंच निघून गेला. पुढच्या गुरुवारी परत आला.

सोपान जाऊन आता तीन महिने झाले. ही जाऊन वर्षावर चार महिने. हिचं मला सांगता येत नाही, तोंडातून निघत नाही. सोपानचं सांगता येतं. म्हणून त्याचं सांगतो. त्यात ती जेवढी येईल तेवढी येईल.

तो किकवीचा. एसटीत कंडक्टर होता, त्यातली बरीच वर्षं वेल्ह्याच्या गाडीवर. त्यामुळं आमच्या पट्ट्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा त्याला ओळखत होतं. रिटायर झाला तरी खाकी पँट सोडली नाही. वर पांढरा सदरा आणि आडवी अडकवलेली तीच पिशवी. आत तिकिटांच्या जागी मोबाईल, चार्जर आणि काच पुसायचं फडकं. चालायचा तो एका अंगानं, दोन बाकड्यांमधनं वाट काढावी तसा. मोकळ्या बांधावरनं चालतानासुद्धा त्याचा उजवा हात मधनंच वर जायचा, डोक्यावरचा दांडा धरायला. दांडा नसायचा. मग त्या हातानं डोकं खाजवून घ्यायचा.

मोबाईल बघताना अंगठा जिभेला लावायचा. तिकीट फाडायची सवय. एक फोटो सरकवला की अंगठा जिभेला, दुसरा सरकवला की परत. काच ओली व्हायची, मग फडकं काढायचं, पुसायचं. आमची ही म्हणायची, "भावजी, एवढी थुंकी चपलेला लावली असती तर चप्पल तरी चमकली असती."

पेज त्यानं काढलं ते गाडीसाठी. रिटायर झाल्यावर घरी बसवेना. गाडी कुठं बंद पडली, कुठली उशिरा सुटली, हे तो सगळं माहीत करून घ्यायचा आणि पेजवर लिहायचा. 'चला पुढं' असं त्या पेजचं नाव. फाट्याफाट्यावर उभी असलेली माणसं ते बघायला लागली. मग कुणीतरी म्हणालं, कंडक्टर, माझा तांदूळ निघालाय, तेवढं लिहा. कुणी म्हणालं, गडाखाली जेवणाची सोय केलीय, फोटो टाका. असं करत करत भोर-वेल्ह्यातल्या बारक्या बारक्या माणसांची जाहिरात हा एकटा करायला लागला. त्याच्या पोरानं पुण्याहून सांगितलं, आबा, याचे पैसे घेतात लोक. त्यावर सोपान म्हणाला, "मी जेवून येतो की." आणि खरंच, ज्याचं काम केलं त्याच्याकडं एक वेळ जेवायचा, बस्स.

दिवसातनं दोनदाच टाकायचा. सकाळी पहिली गाडी यायच्या टायमाला आणि संध्याकाळी शेवटची जायच्या टायमाला. मधल्या वेळात कुणी कितीही म्हणालं तरी नाही. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाला, "माणूस गाडीची वाट बघत असतोय ना, तवाच त्येला दुसरं कायतरी बघायला लागतं. घरात असला की बायको बघतोय, शेतात असला की ढेकळं. फाट्यावर मोबाईलबिगर हाय काय?"

बघणाऱ्यांची त्यानं वर्गवारी केली होती. नुसता अंगठा दाखवून जाणारा तो उभा प्रवासी. "गर्दी दिसती, पण दोन टप्प्यांवर उतरतोय." विचारणारा, कुठं आहे, कसं यायचं, तो बसलेला प्रवासी. त्याला लगेच जबाब द्यायचा. आणि शिव्या देणारा असला, तर त्याला काढून टाकायचा नाही. "भांडणाऱ्याला रस्त्यात उतरवला तर तो गावभर बोंबलतोय. बसू द्यावा. पुढच्या थांब्यापतूर गप व्हतोय आपसूक."

आणि खोटं लिहायचं नाही. हे तर त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. पालीत एकानं राहायची खोली बांधली. त्यानं सोपानला सांगितलं, लिहा, निसर्गाच्या कुशीत निवांत जागा. मोबाईलवर कुठलासा हिरवा फोटो होता, तोपण दिला. सोपाननं फोटो बघितला, अंगठा जिभेला लावला, म्हणाला, "ही तुझी खोली न्हाई."

"तशीच हाय की कंडक्टर, थोडीफार."

"दुसऱ्याच्या ताटाचा फोटो लावलास तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्याच ताटात जेवायला जाईल."

मग स्वतः जाऊन फोटो काढला आणि खाली लिहिलं: खोली साधी आहे. शेजारी गोठा आहे, वास येतो. म्हैस पहाटे ओरडते. ज्याला चालेल त्याने यावे. तो खोलीवाला महिनाभर सोपानशी बोलला नाही. पण माणसं आली. म्हैस बघायलाच आली काही. पोरं तिच्याबरोबर फोटो काढून गेली.

माझ्या बोकडाचं असं झालं. तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी मी ऐकलं त्याचं. त्याचा नियम असा की नुसत्या मालाचा फोटो टाकायचा नाही, बरोबर धनी पाहिजे. "माल तोंड बघून विकतोय आण्णा. कुणाचं हाय ते दिसू द्या." म्हणून मी बोकडाचं शिंग धरून उभा राहिलो. डोक्याला फेटा, दाढी वाढलेली. फोटो पेजवर गेला. खाली कुणीतरी शहाण्यानं लिहिलं, यातला बोकड कुठला?

मला लिहिता-वाचता येतं चौथीपुरतं. मी ते सावकाश वाचलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणलं, काढून टाक ते. सोपान म्हणाला, थांबा. आणि त्यानं खाली जबाब लिहिला: डावीकडचा विकायचा आहे. उजवीकडचा वहिनी देत नाहीत.

ही दोन दिवस हसत होती. भाकरी थापता थापता थांबायची आणि हसायची. बोकड गेला, त्यानंतर दुसरे दोन गेले. पुण्याची माणसं विचारायची, आण्णा तुम्हीच का ते उजवीकडचे?

तर तेव्हापासून सोपान आमचा झाला. शनिवार-रविवारी गड चढायला येणाऱ्या पोरांना ही पिठलं-भाकरी करून घालायची. तेही सोपाननं पेजवर घातलं. पण हिनं तोंड दिलं नाही. चूल दिली, परात दिली, भाकरी दिली, आणि त्यानं मोबाईल वर केला की पदर ओढून भिंतीकडं फिरायची.

"वयनी, एकदाच. माल तोंड बघून विकतोय."

"मग भाकरीला तोंड काढा भावजी. ज्याला खायचंय त्यानं हितं यावं, तोंड बघावं आणि खावं. पेजवर माझं तोंड कशाला?"

"आण्णांनी दिलं की."

"त्यांचं काय, त्यांचं तोंड बोकडासंगं गेलं."

का नाही म्हणायची, ते मी कधी विचारलं नाही. एवढी वर्षं संसार केला, कधीच नाही विचारलं. लग्नात फोटो नव्हता. त्या वेळी आमच्याकडं कुणाच्याच लग्नात नसायचा. पुढंही कधी काढला नाही. तो असायला पाहिजे असं वाटलंच नाही, माणूस समोर होतं.

पौषात ती गेली. सकाळी शेळ्या सोडताना म्हणाली, छाती भरून आलीय. नसरापूरपर्यंत जीपनं नेली. तिथून पुढं न्यायची गरज पडली नाही. संध्याकाळी माती झाली. मी रडलो नाही. आजपर्यंत रडलो नाही. लोक म्हणतात, आण्णा, मोकळं व्हा. कुठून मोकळं व्हायचं ते सांगत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. राख गोळा करताना मला एकाएकी कळलं की तिचं तोंड आठवत नाही. हात आठवत होते. डाव्या मनगटाचा भाजल्याचा डाग आठवत होता. आवाज तर कानातच होता. तोंड आणायला गेलो की नुसता पदर. तीन दिवस झाले होते फक्त. मी कुणाला बोललो नाही. अशी गोष्ट कुणाला सांगायची?

सुमन, माझी लेक, वरव्याला दिलीय. ती म्हणाली, "आबा, दहाव्याला फोटो पायजे. आई भिंतीवर पायजे मला." आधारकार्ड काढलं. त्यात हिचे डोळे अर्धे मिटलेले, मान वाकडी, चोरी करताना धरल्यासारखी. पासबुकावरचा फोटो पाण्यानं गेलेला. मी आधारकार्ड हातात धरून बसलो. मला ती बाई ओळखू येईना.

सोपान रोज येत होता. आमच्या भागात कुणी गेलं की त्याच्या पेजवर पडायचं, फोटो, भोवती फुलं, दहावा कुठं, कधी. ते तोच करायचा. हिचं त्यानं अजून केलं नव्हतं. सुमननं त्याला सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली. मग दगडावर बसला आणि मोबाईल काढला.

चार दिवस तो तसा बसला. पेजवरचे सगळे फोटो, वर्षावर वर्षं मागं जात. अंगठा जिभेला, फोटो, अंगठा जिभेला, फोटो. माझ्या शेजारी बसून दाखवायचा. जत्रेच्या पंगतीत वाढणाऱ्या बायकांच्या रांगेत तिची पाठ. कुणाच्या हळदीत तिचा कोपर. शाळेच्या झेंडावंदनात बायकांच्या मागं तिचं डोकं, त्याच वेळी खाली वाकलेलं. ती सगळीकडं होती. तोंड कुठंच नव्हतं.

मग त्यानं पेजवर लिहिलं. संध्याकाळच्या गाडीच्या टायमाला. गडाखालच्या वाडीत पिठलं-भाकरी खायला घालणाऱ्या काकू वारल्या. ज्यांनी तिथे जेवण केले त्यांच्याकडे काकूंचा फोटो असेल तर पाठवावा. दहाव्याच्या आत.

फोटो आले. पोती भरून आले. भाकरीचे आले, ताटांचे आले, पोरापोरींचे गळ्यात गळे घातलेले आले. आणि बायकांचेही आले. कुणी लिहिलं, काकू तुमची चव विसरणार नाही. कुणी हात जोडलेले, कुणी रडकी तोंडं. बायकांचे फोटो चांगले समोरून काढलेले. फक्त त्यातली एकही आमची नव्हती. शहरातल्या पोरांना काय कळतंय, जिनं भाकरी वाढली ती काकू. आमच्या पट्ट्यातल्या, अशाच भाकऱ्या थापणाऱ्या तीन बायका त्यांनी दोन दिवसांत मारून टाकल्या.

सकाळी खालच्या आळीतली शेवंता तरातरा चढून आली. मी सुतकात, बाहेर घोंगडीवर बसलेला. सोपान दगडावर.

"आण्णा, या मेल्याला विचारा! माझ्या माहेरची माणसं जीप करून आली. माझी आई आळीच्या तोंडाशी बसून गळा काढतीया आणि मी दारात शेण टाकतीया!"

सोपान उभा राहिला. हात वर गेला, दांडा शोधून खाली आला. "वयनी, चुकी झाली. पण आयुष्य वाढलं तुमचं. खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंय."

"चुलीत घाल आयुष्य. जीपवाल्या माणसांचं जेवण कुणी करायचं?"

"फोटो मात्र ग्वाड आलाय तुमचा," सोपान म्हणाला. 

शेवंतानं मोबाईल हिसकून घेतला. बघितला. "कंचा पोरगा व्हता ह्यो," एवढं म्हणाली, मग माझ्याकडं बघून तिला आठवलं आपण कुठं आहोत. पदर डोळ्याला लावून खाली गेली.

सोपाननं त्या संध्याकाळी लिहिलं: वरील फोटोतील तिघी जणी जिवंत आहेत. चुकीबद्दल माफी असावी. शेवंता वहिनींकडे रविवारी जेवण मिळेल.

सुतकाच्या घरात हसू नये. सुमन तोंड दाबून आत गेली. मला हसू आलं नाही, पण आपल्याला हसू यायला पाहिजे होतं हे कळलं.

नवव्या दिवशी दुपारी सोपान येऊन दगडावर बसला. मोबाईल पिशवीतच. मी म्हणलं, काय रं? तेव्हा तो म्हणाला, "आण्णा, एक सांगायचं राहिलंय. वयनींचा फोटो व्हता माझ्याकडं."

"व्हता म्हंजी?"

"दोन वर्षं झाली. तुमी शेळ्याकडं गेला व्हता. त्या चुलीपुढं बसल्या व्हत्या, हसत व्हत्या कशालातरी. म्या गुपचूप काढला. त्यांना कळलं. म्हणल्या, दाव. दावला. लई वेळ बघितला त्यांनी. मग म्हणल्या, काढून टाक."

"मग?"

"काढला."

"आणि?"

"म्हणल्या, अजून कुठं ऱ्हातोय का त्यो? म्या म्हणलं, व्हय, टाकलेले एका जागी साठत्यात, तिथनं बी काढता येत्यात. म्हणल्या, काढ. तिथनं बी काढला. त्यांच्यासमोर. मग त्यांनी मला जेवायला वाढलं."

मी त्याला काय काय बोललो ते सांगत नाही. आईबहिणीवरनं बोललो. म्हणलं, भडव्या, साऱ्या दुनियेचे फोटो सांभाळतोस, बोकडाचे सांभाळतोस, तेवढा एक सांभाळता आला न्हाई? ती म्हणली म्हणून लगीच काढायचा? खोटं बोलायचं! काढला म्हणायचं आणि ठेवायचा! तिला काय कळत व्हतं मोबाईलमधलं?

तो खाली मान घालून ऐकत होता. "न्हाई कळत व्हतं," म्हणाला. "म्हणून तर."

मी पायातली चप्पल फेकली. लागली नाही. सुमन मधे पडली. तो उठला, चप्पल उचलून माझ्या पायाशी आणून ठेवली आणि गाडी गाठायला गेला. मला वाटलं, संपलं. आता येत नाही.

दहाव्याला तो नदीवर माझ्या आधी पोचलेला होता. भावकीतली म्हणत होती, आधारकार्डाचाच मोठा करून लावा, लोक काय म्हणतील. सोपान त्यांना म्हणाला, "त्यो त्यांनी सरकारला दिला, तुमाला न्हाई." फोटोबिगरच दहावा झाला. पेजवर त्यानं बातमी टाकली तीपण तशीच. भोवती फुलं होती, मधली जागा मोकळी. खाली नाव, गाव, आणि एक ओळ: फोटो काढू देत नव्हत्या.

होळीच्या आसपास, गुरुवार नसताना, तो आला. चढून आल्यानं धाप लागलेली. त्याची साखर वाढलेली असायची, डोळ्यांचाही त्रास सुरू झाला होता तेव्हा. बसला नाही. म्हणाला, "आण्णा, एक आलाय."

पुण्याच्या कुठल्याशा मुलीनं पाठवला होता. पेजवर नाही, एकट्या सोपानला. तिनं लिहिलं होतं, दादा, हा माझ्याकडे आहे, पण काकूंनी काढू नको म्हटलं होतं, म्हणून इतके दिवस पाठवला नाही.

सोपाननं काच पुसली. मोबाईल माझ्या हातात दिला आणि स्वतः तोंड फिरवून शेळ्यांकडं बघत उभा राहिला.

आमची ही होती. चुलीपुढनं उठता उठता वळलेली, सगळं तोंड समोर. पदर खांद्यावर घसरलेला. उजवा हात पुढं, पिठानं भरलेला, पंजा उघडा, काढू नको म्हणून. कपाळाला आठी. डोळे असे, की मी दोन दिवस घरी आलो नाही तर जसे व्हायचे. रागावलेली होती. फोटो काढणाऱ्या त्या पोरीवर रागावलेली, पण बघत होती माझ्याकडं.

मी किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. सोपान तसाच उभा.

"पेजवर टाकू?" त्यानं विचारलं. "बातमीत मधी जागा हाय."

"नको."

"काढून टाकू?"

मला त्याला त्या दिवशी दिलेल्या शिव्या आठवल्या. त्यालाही आठवल्या असतील. त्यानं परत विचारलं नाही.

"ऱ्हाऊ दे तुझ्यात," मी म्हणलं. "कुणाला दावू नको."

"आणि तुमाला?"

माझ्याकडं बटनाचा फोन. त्यात फोटो राहत नाही. तो म्हणाला, "गुरुवारी येतोच की मी."

सुमन आली तेव्हा तिलाही दाखवला. ती बघून आधी रडली, मग म्हणाली, "आबा, हा भिंतीवर नको. येईल-जाईल त्याला आई हाकलून देईल." मी म्हणलं, तुझ्या मोबाईलमधे तरी घे. तर नको म्हणाली. "माझ्यात आला तर मी एखाद्या दिवशी स्टेटसला ठेवीन. मला माझा भरोसा न्हाई. भावजींचा हाय." सोपानला तीपण भावजीच म्हणायची, आईचं ऐकून.

मग दर गुरुवारी तो यायचा. किकवीहून नसरापूर, तिथून वेल्ह्याची गाडी, फाट्यावर उतरून चढ. एवढं करून वर यायचा, पाणी प्यायचा, काच पुसायचा, फोटो उघडून माझ्या हातात द्यायचा आणि तोंड फिरवून बसायचा. मी बघायचो. परत द्यायचो. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. चहा मीच करायचो, वाईट करायचो, तो प्यायचा. मग बोकड, पेज, कोण कोणाशी भांडलं, असलं काहीबाही. कधी पाच मिनिटं बसून गेला, कधी शेवटच्या गाडीपर्यंत. त्याचं तोंड तेव्हा सुजल्यासारखं दिसायचं. मी एकदा म्हणलं, "एवढं चढून येऊ नको, मरशील." तर म्हणाला, "बसलेला प्रवासी हाय तुमी. त्येला मधी उतरवत न्हाईत."

आता मला तिचं तोंड आठवतं. डोळे मिटले की येतं. रागावलेलंच येतं, दुसरं कुठलं येत नाही.

दिवाळीनंतर पोरानं त्याला पुण्याला नेलं. डोळे जवळपास गेले होते. पेजवर शेवटी शेवटी शेजारची सून लिहायची, हा सांगायचा. माघात तिकडंच वारला. त्याचा तो मोबाईल आता कुणाकडं आहे, त्यात काय राहिलं, काय गेलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि विचारणार नाही.

पुण्याला जायच्या आदल्या गुरुवारी तो आला होता. फाट्यापासून वर त्याला कुणीतरी हाताला धरून आणलं आणि सोडून गेलं. दगड चाचपून बसला. पाणी प्यायला. पिशवीतनं मोबाईल काढला, काच पुसली, आणि नेहमीसारखा फोटो न उघडता मोबाईल तसाच माझ्याकडं केला.

"तुमीच शोधा आण्णा. मला दिसत न्हाई."

मला ते यंत्र चालवता येत नाही. त्यानं माझं बोट धरून एकदा काचेवर फिरवून दाखवलं, असं. मग मी फिरवत गेलो. तांदूळ गेला, खोल्या गेल्या, म्हैस गेली, कुणाकुणाच्या बारशाच्या पंगती गेल्या, फुलात बसवलेली मेलेली माणसं गेली. बोटाला काच सरकेना तेव्हा मीपण अंगठा जिभेला लावला. बराच वेळ लागला. तो शेळ्यांकडं तोंड करून बसला होता. आता डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसानं तोंड फिरवायचं काही कारण नव्हतं, तरी.

"घावली का?"

"घावली."

"कशी हाय?"

"रागावलीया."

"मग त्याच," तो म्हणाला.

गाडीपर्यंत मीच सोडायला गेलो त्याला. उतारावर माझ्या खांद्यावर हात ठेवून चालला. गाडी आली. कंडक्टर नवीन पोरगा होता, त्यानं उठून स्वतःची जागा दिली. सोपान बसला नाही. वर हात केला आणि दांडा धरला. या खेपेला दांडा होता. गाडी सुटली तशी त्यानं वाकून खिडकीतनं दुसरा हात बाहेर काढला आणि हलवला. पण मी रस्त्याच्या या अंगाला उभा होतो आणि तो हात करत होता पलीकडच्या चिंचेकडं. तिथं कुणी नव्हतं. गाडी वळणापर्यंत हळूच जाते, चढ आहे. मी रस्ता ओलांडला आणि चिंचेखाली जाऊन उभा राहिलो.